शून्य निकाल

कोर्टाच्या तळमजल्यावर, रेडिएटरशेजारी माझी खुर्ची.
लेक सुपीरिअरवरचा वारा इथवर पोचत नाही,
पोचतात ती माणसं, बुटांना बर्फ चिकटलेली,
आणि विचारतात, इथे नाव टाकलं की सगळं कळतं ना?

कळतं. थोडंफार.
भाडेकरूला किती वेळा घराबाहेर काढलं,
होणाऱ्या जावयाने आधी कुणावर हात उगारला होता का,
कुंपणाच्या भांडणाचं पुढे काय झालं.
माझंच नाव टाकलं तर तीन निकाल येतात:
एक घटस्फोट, एक वेगमर्यादा,
आणि तिसरी कुणी दुसरीच, माझ्याच नावाची,
जिने ब्याण्णव साली कुणाची तरी बदकं चोरली.
बँकेत दोनदा मला त्या बदकांबद्दल विचारलंय.

काल मार्लिस हापासाल्मी आली.
आडनाव तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं,
जन्मभर सांगत आलेल्या माणसासारखं.
वडील ऊर्हो, तांब्याच्या खाणीत होते.
गावात म्हणायचे, कंपनीवर दावा लावला
आणि कंपनीचेच पैसे खाऊन ऐन तारखेला घरी बसला.
वडील ना हो म्हणाले, ना नाही.
कॉफी बशीत ओतायचे
आणि बशीतच बघत राहायचे.

तिने बटण दाबलं.
निकाल: शून्य.

शून्य म्हणजे काय, हे मी रोज कुणाला तरी समजावते.
शून्य म्हणजे घडलंच नाही असं नव्हे.
शून्य म्हणजे सत्त्याऐंशीच्या आधीचं
टाइप करायला मंजूर झालेले पैसे
छत गळायला लागलं तेव्हा छताला गेले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्ही दोघी उतरलो, अकरा पायऱ्या,
जिथे रजिस्टरं आडवी झोपवलेली असतात
कारण उभी ठेवली तर त्यांची पाठ मोडते.

एचमध्ये नव्हता. पुन्हा पाहिलं, नव्हता.
मग मला ओपल ट्रूडो आठवली.
ती कानावर पडेल तसं लिहायची,
आणि घराणं फ्रेंच, त्यांच्या तोंडात ह टिकत नसे.
एमध्ये सापडले: आपसामी, ऊरो.
वादी.
प्रतिवादी कंपनी, तिचं नाव मात्र अचूक, स्वल्पविरामासकट.
डाव्या हाताची दोन बोटं. मागणी नऊशे डॉलर.
शेवटच्या रकान्यात, शाई जरा फिकट:
वादी गैरहजर. दावा काढून टाकला.
एकोणीस फेब्रुवारी, अडुसष्ट.

मार्लिसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
एकोणीसलाच?
हो, सकाळी दहा वाजता पुकारा झालेला दिसतोय.
मी पावणेआठला झाले, ती म्हणाली.
रस्ते बंद होते. मावशी सांगायची,
बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे मागे त्यांनी आईला नेलं,
आणि आई परत आली नाही.
कोर्टाचं मावशी कधीच काही बोलली नाही.

बल्ब खाली फार पिवळा आहे. बदलायला हवा.

तिने विचारलं, नाव तरी दुरुस्त कराल?
नोंदीला हात लावता येत नाही, मी म्हटलं,
चुकीची असली तरी ती कोर्टाची चूक, जपावी लागते.
जादा कार्ड मात्र टाकता येतं.
वर येऊन मी टाइप केलं: हापासाल्मी, ऊर्हो. पाहा आपसामी.
तिने प्रतीचा एक डॉलर दिला, सगळी चिल्लर,
पावती घडी करून हातमोज्यात सरकवली
आणि दारात बूट आपटत थोडी थांबली,
जाताना कुणी थांबत नाही खरं तर.

आता ते नाव टाकलं तर निकाल येतो: एक.
तो अजूनही त्यांच्या विरोधातच आहे.